बिनचहाची मध्यस्थी

माझ्या छातीत पहिल्यांदा गडबड झाली तेव्हा मी मोपेडवर होते. काचीगुड्याच्या चौकात सिग्नलला उभी, डोक्यात कुणाची तरी पत्रिका कुणाशी तरी जुळवणं चाललेलं, आणि एकदम छातीतला ठोका हरवला. एक नाही, दोन हरवले. मग राहिलेले सगळे एकदम धावत सुटले, शाळा सुटल्यावर पोरं सुटतात तसे. सिग्नल हिरवा झाला. मागचा ऑटोवाला ओरडला, "अम्मा, कायकू रुके? चलो ना!" मी कशीबशी मोपेड ढकलत कडेला नेली आणि औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदाराने पाणी दिलं. ते पिऊन होईस्तोवर सगळं जागच्या जागी. मी पदर सारखा केला आणि ठरलेल्या घरी गेले, कारण तिथे मुलीकडची माणसं वाट बघत होती.

असं कुणाला झालं तर लगेच डॉक्टर गाठावा, माझ्यासारखं पोहे खायला जाऊ नये. एवढा एकच उपदेश मी फुकट देते. बाकी सगळं माझ्या बाबतीत काय झालं त्याची हकीकत आहे. मी डॉक्टर नाही, लग्नं जुळवणारी बाई आहे. पण हल्ली कुठल्याही कार्यात चार बायका भेटल्या की त्यातली एक मला बाजूला घेते, छातीवर हात ठेवते आणि हळूच विचारते, "प्रमिलाकाकू, तुमचंही असंच व्हायचं का हो?" तिच्यासाठी हे लिहिते आहे.

कपाची खूण

आमचं घर बरकतपुऱ्यात. सासऱ्यांची शेती परभणीकडे होती. निजामाच्या राज्यात ते नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. आम्ही घरात मराठी बोलतो, भाजीवालीशी तेलुगू, शेजारीपाजारी दख्खनी, आणि भांडण लागलं तर तिन्ही. माझे यजमान वीजखात्यात होते. मुलगा महेश दिलसुखनगरला एका क्लासात कॉम्प्युटर शिकवायचा. मुलगा हाताशी आल्यावर घरात बसवेना, म्हणून मी हौसेने लग्नं जुळवायला लागले.

दिवसही तसेच होते. देशाची दारं उघडली म्हणत होते, आणि आमच्याकडे त्या दारातून आधी कोण आलं असेल तर पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मुलं. त्यांना मराठी मुलगी हवी असे आणि आमच्या जुन्या हैदराबादी घरांत मुली शिकूनसवरून बसलेल्या असत. पण पुण्याच्या माणसांना वाटे, हे लोक बोलतात ते मराठीच आहे ना? आमच्या एका मुलीने बघायला आलेल्या मंडळींना प्रेमाने म्हटलं, "आरामात बसा ना, परेशान कशाला होता?" मुलाची आई तिथून पुढे खरंच परेशान. अशा वेळी दोघांना सांभाळायला मध्ये मी लागत असे.

मध्यस्थाची एक अडचण असते. चार माणसांत 'या मुलात खोट आहे' असं तोंडाने म्हणता येत नाही. म्हणून मी एक खूण काढली होती. चहा आला की मुलीच्या आईने माझ्या कपाकडे बघायचं. कप रिकामा केला तर स्थळ चांगलं, पुढे बोला. अर्धा ठेवला तर जरा चौकशी करा. हातच लावला नाही तर विषय संपला. हे मी आधी फक्त एका मैत्रिणीला, तिच्या मुलीच्या वेळी, सांगितलं होतं, पण तिच्या तोंडात तीळ भिजला नाही. थोड्याच दिवसांत बरकतपुऱ्यापासून हिमायतनगरापर्यंत सगळ्या जुन्या मराठी घरांत ही खूण माहीत झाली. माहीत नव्हती ती फक्त मुलाकडच्यांना.

आता बहुतेक मुलं चांगलीच असतात. म्हणजे बहुतेक कप रिकामेच करावे लागत. त्यातून हैदराबादचा चहा दाट आणि कडक, एक संपला की "और थोडा" म्हणून दुसरा येतो. दुसरा तसाच ठेवला तर मुलीच्या आईचा चेहरा उतरे. म्हणून तोही मी पिऊन टाकत असे.

पंप चांगला, वायरिंग बिघडलेली

दुसऱ्यांदा ते झालं दिलसुखनगरला, भर कार्यक्रमात. मुलगी ट्रे घेऊन बाहेर आली, मी तिच्याकडे बघून हसले, आणि ठोक्यांची पळापळ सुरू झाली. या वेळी ती थांबेचना. डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलीला बघायला आलेली मंडळी मला बघायला लागली. मुलाने माझा हात धरला, मुलीने तळपाय चोळले, आणि मुलाकडच्यांच्याच गाडीतून मला दवाखान्यात नेलं. त्या दोघांचं पुढे लग्न झालं. एकमेकांचा स्वभाव कळायला इतकी चांगली संधी कुणाला मिळते?

पण तेव्हा मला यातलं काही सुचत नव्हतं. गाडीत मला वाटलं, संपलं. महेशचं लग्न राहिलं, गच्चीवरचे पापड वाळत घातलेले राहिले, आणि यांना साधा वरणभातसुद्धा करता येत नाही. मरणाच्या भीतीत माणसाला देव आठवतो म्हणतात. मला पापड आठवले आणि रडू आलं.

दवाखान्यात ईसीजीवर ती पळापळ सापडली. डॉक्टर सुभद्रा म्हणून होत्या, तेलुगू, महेशपेक्षा थोड्याच मोठ्या, कपाळावर लहानशी टिकली. कागदाची पट्टी हातात धरून त्या म्हणाल्या, "अम्मा, डरने का नक्को. पंप एकदम अच्छा है. वायरिंग में गडबड है."

हे पलंगाशी उभे होते. वीजखात्यातला माणूस, त्यांना वायरिंग म्हटल्यावर बोलायला विषय मिळाला. "लूज कनेक्शन है या ओव्हरलोड?" त्यांनी विचारलं. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "वही तो ढूंढना है." त्या हसल्या म्हणून मलाही जरा धीर आला.

आयसीसीयूतलं स्थळ

मला थोडे दिवस आयसीसीयूत ठेवलं. ज्यांना तिथे राहावं लागेल त्यांना सांगते, तिथली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे आपलंच हृदय पडद्यावर दिसतं. मी दिवसभर ती हिरवी रेघ बघत पडायचे आणि एखादं टोक वेडंवाकडं आलं की घाबरायचे, घाबरले की आणखी वेडंवाकडं येई. शेवटी केरळच्या सिस्टरने पडदाच दुसरीकडे फिरवला. "अम्मा, आप टीव्ही नई देखो. मैं देखती," ती म्हणाली. तिने माझे गुंतलेले केस विंचरून वेणीही घातली. सलाईन लावलेल्या हाताने मला ते जमत नव्हतं, आणि सुनेची वाट बघणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या हातची वेणी म्हणजे केवढं सुख.

सकाळी वाफाळती इडली यायची. ती आणणारा माणूस रोज विचारी, "कैसा है आज?" आणि उत्तर ऐकायला खरंच थांबे. शेजारच्या पलंगावर नामपल्लीच्या एक आजी होत्या, जुन्या मराठी. मी काय करते हे त्यांना कळल्यावर ऑक्सिजनची नळी बाजूला करून त्यांनी नातवाची उंची, शिक्षण, गोत्र सगळं सांगितलं. सिस्टर ओरडली. आजी म्हणाल्या, "अगं, मी इथून जाईन की राहीन ठाऊक नाही, स्थळ तर सांगू दे." त्या छान बऱ्या होऊन घरी गेल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा फोन आला.

गोळ्या आणि किल्ली

घरी आले ते दोन प्रकारच्या गोळ्या घेऊन. एक ठोक्यांचा वेग आवरायची, दुसरी त्यांना ओळीत ठेवायची. गोळ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्या वेळी त्यांनीच मला सावरलं. पण माझं शरीर त्यांच्यापुढे मऊ पडलं. हातपाय गार, डोकं जड, वाकून उठलं की भिंत धरावी लागे. एकदा फोनवर मुलाच्या आईशी बोलता बोलता मला डुलकी लागली. बाईंना वाटलं मी विचार करते आहे, म्हणून त्यांनी आपणहून सगळ्या अटी मागे घेतल्या. गोळ्यांचा तेवढा एक फायदा झाला.

यांनी मोपेडची किल्ली आपल्या शर्टाच्या खिशात ठेवली. "डॉक्टर म्हणाल्यात, चक्कर येते तोवर गाडी नाही," एवढंच म्हणाले. हे रागावणारे नव्हेत. रागावले असते तर भांडता आलं असतं. ते नुसते गप्प झाले. ऑफिसातून दोनदा फोन करून "जेवलीस का" विचारत, आणि मी "हो" म्हटल्यावरही जरा वेळ फोन ठेवत नसत. महेशचं वेगळंच. "आई, प्लीज टेन्शन घेऊ नको, एकदम रिलॅक्स राहा," असं तो इतक्या जोरात सांगायचा की मलाच धडकी भरे.

मग एके दिवशी हे म्हणाले, "आता हे लग्नं जुळवणं पुरे झालं."

मला ते आत फार लागलं. मोपेडवर बसून कुणाच्या तरी दारात जायचं, चार माणसांना हसवायचं, दोन घरं जोडून यायचं, हेच तर माझं आयुष्य होतं. मी पुढच्या वेळी डॉक्टरांना स्पष्टच विचारलं, ही किल्ली मला परत कधी मिळणार? त्या म्हणाल्या, गोळ्या कमी झाल्या तर चक्कर कमी होईल. आणि ठोके शहाणे झाले तर गोळ्या कमी करता येतील. "तब तक अपने मन से एक गोली भी नक्को छोडना, अम्मा. मैं बोलूंगी तब."

छातीवरचा डबा

बिघाड केव्हा होतो ते शोधायला डॉक्टरांनी मला एक डबा बांधला. छातीला चिकटवलेल्या वायरी आणि कमरेला यंत्र, दिवसरात्र ठोक्यांची टेप निघते. "रोज करते वैसाच सब करो. आराम नक्को," त्यांनी बजावलं. मला तेवढंच पाहिजे होतं. त्या दिवशी एका घरी मुलगी दाखवायची होती. हे ऑटोने मला घेऊन गेले आणि सगळा वेळ कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत राहिले.

पदराआडून डबा दिसलाच. मुलाच्या काकांनी विचारलं, "पेजर का?" तेव्हा पेजर म्हणजे मोठी मिजास होती. मी म्हटलं, "हो, कामच तसं असतं ना." त्यांनी मला बसायला चांगली खुर्ची दिली.

टेप वाचून डॉक्टरांनी मला बोलावलं. "अम्मा, दोपहर तक सब शरीफ. शाम को देखो, बारात निकली. शाम को क्या करते आप?"

"रिश्ते देखने जाती."

"वहां क्या करते?"

"बैठती, बाताँ करती, चाय पीती."

"कितनी चाय?"

मी हिशेब सांगितला तसा डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "आप तो मेरे को बोले थे दिन में दो कप!"

"वो तो मेरी चाय, डॉक्टर. ये लोगां की चाय है."

"दिल को क्या मालूम किसकी चाय है!"

मी खोटं बोलले नव्हते. घरी करून आपल्या हाताने घेतो तो चहा. लोकांकडचा चहा म्हणजे मान. तो कोण मोजतं? ही चूक आमच्या हैदराबादेतच होऊ शकते. मग यांनीही तोंड उघडलं. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीचा उपास मी संध्याकाळपर्यंत नुसत्या चहावर काढते, आणि घरात केबल आल्यापासून मालिका संपल्याशिवाय झोपत नाही, हे त्यांनी सांगून टाकलं. इतकी वर्षं न बोलणारा माणूस नेमका तिथे बोलला. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली. "सर, ओव्हरलोड है," त्या म्हणाल्या.

सगळ्यांचं दुखणं चहाने होत नाही, माझं होत होतं, असं डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं. ते मीही मुद्दाम लिहिते.

चहा सुटला, कोला आला

चहा सोडला आणि डोकं असं ठणकलं की चहाच्या टपरीवरून जाताना मी नाकाला पदर लावायचे. हळूहळू ते थांबलं. उपास बंद केले. गणपतीला सांगितलं, तुझं नाव घेईन पण पोटात काहीतरी टाकून. सकाळी ज्वारीची भाकरी, वेळेवर जेवण, रात्री लवकर निजणं. मालिकेतल्या सुनेचं पुढे काय झालं ते मला अजून ठाऊक नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

चालायला सोबत मिळाली शेजारच्या रझिया आपांची. त्यांना गुडघ्यांसाठी चालायचं होतं. सकाळी आम्ही दोघी निघायचो, आपा चालताना सगळ्या गल्लीची खबर घेत आणि चढ आला की म्हणत, "आहिस्ता प्रमिला, जन्नत कहीं भागे नई जारी." त्यांनी मला हकीमसाहेबांचा खमीराही, म्हणजे युनानी चाटण, आणून दिला, हृदयाला ताकद देतो म्हणून. मी तो डॉक्टरांना दाखवला. त्या म्हणाल्या, गोळ्या चालू आहेत तोवर थांबा. आपांना राग आला नाही. खमीरा त्यांनीच खाल्ला.

एवढं करूनही ठोके मधूनच घसरायचे. मी रडकुंडीला आले. कारण निघालं ते असं. पूर्वी आजाऱ्याला भेटायला येताना लोक मोसंबी आणत. आता बाजार उघडला होता, म्हणून कोलाची मोठी बाटली आणत. चहा बंद आहे ना, मग हे घ्या! आणि मी गार गार ते काळं पाणी पेला भरभरून पीत होते. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अम्मा, चाय में जो है, उस में भी वोइच है." त्या दिवशी आमच्या फ्रिजमधल्या बाटल्या महेशच्या क्लासला गेल्या आणि माझ्या पेल्यात ताक आलं.

त्यानंतर मात्र ठोके वळणावर आले. घरातली कढई उचलताना धाप लागेना. एका सकाळी आपांच्या आधी मी चढ चढून उभी राहिले आणि वळून बघितलं. इतका आनंद मला लग्न जुळल्यावरही होत नसे.

हिमायतनगरची फजिती

तेवढ्यात भालेरावांच्या अनघाचं स्थळ आलं. हिमायतनगरचं जुनं घर, मुलगी एम.एस्सी. झालेली, गोड आणि धीट. मुलगा सुहास, पुण्याचा, इथल्या कॉम्प्युटर कंपनीत, असा मुलगा शोधून सापडणार नाही. यांना म्हटलं, हे एवढं एकच. हे कसेबसे कबूल झाले. "तुला काही झालं तर यापुढे नाही," अशी अट घालून.

कार्यक्रम छान झाला. सुहासची आई पुण्याहून आली होती, तिने अनघाला जवळ बसवून घेतलं. चहा आला. मी हात जोडले, "मला नको," म्हटलं आणि गप्पा चालू ठेवल्या. अनघाच्या आईने, सुलभावहिनींनी, पुन्हा कप पुढे केला. मी पुन्हा नको म्हटलं. कपातला चहा बशीत सांडला ते मी पाहिलंही, पण मनात म्हटलं मुलीची आई आहे, गडबड व्हायचीच. चहाला नाही म्हणायला जमलं याचाच मला अभिमान वाटत होता. त्या खुशीत मी घरी येऊन पोटभर जेवले.

सकाळी सुहासच्या आईचा फोन. आवाज रडवेला. "अहो काकू, भालेरावांनी नकार कळवला. आमचं काय चुकलं ते तरी सांगा."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कप! मी हातच लावला नव्हता. माझ्याच खुणेने मी चांगलं स्थळ मोडून ठेवलं होतं, आणि अनघाचे वडील नाना भालेराव मानी माणूस, मला कारणही न विचारता त्यांनी नकार कळवून टाकला.

हे वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "बघ, म्हणून म्हणत होतो. ही धावपळ तुला झेपायची नाही."

मला एवढा संताप आला. मी म्हटलं, "अहो, छाती धडधडते म्हणून मी घरात बसायचं असेल तर ती धडधडून तरी काय उपयोग?" आणि चपला घातल्या. किल्ली मागितली नाही. रझिया आपांना हाक मारली आणि आम्ही दोघी चालत हिमायतनगरला निघालो. एरवी एवढं चालायची माझी छाती नव्हती. आपा सगळ्या वाटेने विचारत होत्या, "दम लेना क्या?" मी मनगटावर बोट ठेवून बघत होते. ठोके भरभर पडत होते, पण एकामागून एक, रांगेत.

सुलभावहिनींनी दार उघडलं. चेहरा पडलेला, पण रीत ती रीत. आत जाऊन चहाच घेऊन आल्या. माझ्यापुढे कप ठेवला आणि नाना, सुलभावहिनी, अनघा, तिघंही माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

मी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून कपाशेजारी ठेवलं. "नाना, मुलगा सोन्यासारखा आहे. खोट माझ्या छातीत आहे. डॉक्टरांनी चहा तोडलाय."

नाना म्हणाले, "मग तोंडाने सांगायचं की हो काकू! आम्ही रात्रभर झोपलो नाही. पोरगा दारू पितो की त्याचं आधी लग्न झालंय, काय काय विचार केला आम्ही!"

"तोंडाने सांगायची सवयच लावली नाही ना मी तुम्हाला," मी म्हटलं.

रझिया आपांना सगळं समजावून सांगावं लागलं. त्या हसून हसून लाल झाल्या. "तुम लोगां चाय में रिश्ते देखते क्या? या अल्लाह!" आणि त्यांनी तो कप उचलून रिकामा केला. "लो, अब तो पक्का?"

सुलभावहिनी हसता हसता रडायला लागल्या. मग सगळ्यांना प्रश्न पडला, आता सुहासकडे कुठल्या तोंडाने फोन करायचा? तेव्हा अनघा दारातून म्हणाली, "मी केला सकाळीच. कोपऱ्यावरच्या बूथवरून. मला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मीच त्याला विचारलं."

"काय म्हणाला?" आम्ही चौघं एकदम.

"म्हणाला, आईला जरा समजावतो, पण मी येतोय संध्याकाळी."

त्या दिवशी मी खूण मोडली. सगळ्या घरांत निरोप दिला की यापुढे कपाकडे बघायचं नाही. मला जे वाटेल ते मी दुसऱ्या दिवशी आईवडिलांना समोर बसवून, तोंडाने सांगेन. एकदोघांना ते झोंबलं. पण माझ्यापुरतं सांगते, बोलून टाकल्यावर छाती हलकी राहते.

परवानगी

अनघाच्या लग्नानंतर डॉक्टरांनी पुन्हा डबा बांधला. टेप बघताना त्या पट्टी पुढे पुढे सरकवत गेल्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले. "शाम भी शरीफ हो गई," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक गोळी हळूहळू उतरवत आणली, एकदम नाही, आणि पुढे बंद केली. दुसरी अर्धी केली. ती अर्धी मी आजही घेते, आणि घ्यायला लाज वाटत नाही. कधीतरी एखादा ठोका अजून चुकतो. मी जरा थांबते, श्वास घेते, पाणी पिते, तो आपला परत येतो. जास्त वेळ रेंगाळला तर डॉक्टर सुभद्रांना फोन करायचा, हे आमचं ठरलेलं आहे.

चक्कर थांबून बरेच दिवस झाल्यावर मी विचारलं, "अब गाडी?"

डॉक्टर यांच्याकडे बघून म्हणाल्या, "चला सकते. लेकिन शुरू में अकेले नक्को. कोई पीछे बैठना."

महेश नोकरीवर. रझिया आपांनी कानाला हात लावला. म्हणजे राहिले हेच. आणि हे कधी जन्मात माझ्या मागे बसले नव्हते. बायकोच्या मागे बसून जाताना ऑफिसातल्या लोकांनी पाहिलं तर, हा प्रश्न त्यांना लग्नापासून होता. मी म्हटलं, राहू द्या, थोडे दिवस थांबते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे ऑफिसातून लवकर आले. धुतलेला शर्ट घातला, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "चल. कुठे जायचंय?"

बरकतपुऱ्यातून आम्ही निघालो. गल्लीतली पोरं ओरडली, गच्चीवरून आपांनी शिट्टी मारली, त्या वयात त्यांना शिट्टी येते हे मला तेव्हा कळलं. हे मागे ताठ बसलेले, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर, हाडं मोडतील असे घट्ट. मी नारायणगुड्याच्या चढाला वेग वाढवला तसे ते पुढे कलले आणि त्यांची छाती माझ्या पाठीला टेकली. ती अशी काही उडत होती की मी घाबरून गाडी कडेला घेतली.

"अहो, तुमचं किती धडधडतंय!"

त्यांनी माझ्या खांद्यावरचे हात काढले नाहीत. मी मान वळवून पाहिलं तर डोळे भरलेले.

"गेले कित्येक महिने असंच चाललंय," ते म्हणाले. "तू पुढे बघून चालव."